विश्लेषण : उस्मानाबादच्या खेड्यांतील अभ्यासाने कर्करोग तपासणीची दिशा कशी बदलली?

शोधनिबंधाचे मोल सहसा इतर संशोधकांनी त्याचा किती वेळा संदर्भ दिला, यावर ठरते. कर्करोगतज्ज्ञ डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील निबंधाला ही मोजपट्टी अपुरी पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जगाने कोणती तपासणी वापरावी, या चर्चेला त्याने वळण दिले. त्यातील महिला मराठवाड्यातल्या होत्या.

अभ्यास नेमका काय होता?

ऑक्टोबर १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात काम सुरू झाले. फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत कार्यरत असलेले शंकरनारायणन, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. भगवान नेने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील संशोधक त्यात होते. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ महिलांची चार गटांत विभागणी झाली. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशी तपासणारी पॅप चाचणी आणि तिसऱ्याला व्हीआयए, म्हणजे सौम्य अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी देण्यात आली. चौथा गट प्रचलित आरोग्यसेवेवरच राहिला.

निष्कर्ष काय निघाला?

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ महिलांच्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ महिलांच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्मा झाला. पॅप आणि व्हीआयए गटांत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. शिवाय पॅप किंवा व्हीआयएमध्ये ‘निर्दोष’ ठरलेल्या महिलांत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही-निगेटिव्ह महिलांच्या चौपटीहून अधिक होते. म्हणजे एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली, तर तिच्यावर अनेक वर्षे विसंबता येते.

जगाने काय स्वीकारले?

इतर देशांतील अभ्यासांनीही एचपीव्ही चाचणीच्या बाजूने पुरावे दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शक्य तिथे या चाचणीला प्राधान्य दिले आणि २०२१ मध्ये तीच प्राथमिक तपासणी म्हणून सुचवली. सर्वसाधारण महिलांसाठी तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी ती पुरेशी मानली जाते.

मग भारतात व्हीआयए का?

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या महिलांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि निकाल तिथेच कळतो. तिच्या बाजूने पुरावाही आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील वस्त्यांमध्ये दीड लाखांवर महिलांचा अभ्यास केला. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. फरक ‘दर दोन वर्षांनी’ या शब्दांत आहे. व्हीआयए तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते, त्यामुळे ती वारंवार आणि प्रशिक्षित हातांनी व्हावी लागते.

वाद कोणता?

तपासणीविना ठेवलेल्या गटावरून गंभीर आक्षेप घेतले गेले. तपासणी उपयोगी असते हे आधीच ठाऊक असताना हजारो महिलांना त्याविना ठेवणे नैतिक होते का, त्यांना पुरेशी माहिती दिली होती का, असे प्रश्न अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी मांडले. भारतात तेव्हा नियमित तपासणीच नव्हती, त्यामुळे तीच प्रचलित सेवा होती, असे संशोधकांचे उत्तर होते. पण त्या गटातील ६४ मृत्यूंशी तुलना केल्यामुळेच हा निष्कर्ष उभा राहिला, हेही खरे.

आज चित्र काय?

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळतात आणि जवळपास ८० हजार महिलांचा मृत्यू होतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम १.९ टक्के महिलांची ही तपासणी कधी तरी झाली होती. त्यामुळे कोणती चाचणी सरस, यापेक्षा ती महिलांपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न मोठा आहे. धाराशिवच्या महिलांमुळे जगाला उत्तर मिळाले, त्याचा लाभ त्यांच्या लेकीसुनांना मिळणे अजून बाकी आहे.