पडद्यामागचं इंजिनिअरिंग

मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मला जरा सांभाळूनच घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ‘आडोसा’ या शब्दाला माझ्याकडे दुसरा शब्दच नाही.

यंदा आमचं एन.एस.एस.चं शिबिर नायगाव तालुक्यातल्या एका गावात होतं. शेवटचे २ दिवस महिलांची आरोग्य तपासणी होती, शाळेच्या एकाच खोलीत. म्हणजे डॉक्टरांसमोरच बायकांची रांग! पडद्याचं काम मी ऐटीत अंगावर घेतलं.

१ इंची पीव्हीसी पाइप २० फुटी मिळतो. त्यातून ६-६ फुटांचे दोन उभे, वर ५ फुटांचा आडवा आणि ९-९ इंचांचे चार पाय कापले. बेरीज बरोब्बर २०! वरच्या कोपऱ्यांना दोन एल्बो, खाली दोन टी. सांधे चिकटवले नाहीत, म्हणजे सगळं सोडून, दोरीने बांधून एसटीत नेता येतं. वर आईच्या जुन्या कॉटनच्या साडीचे दोन तुकडे जोडून टाकले. पाइप जरासुद्धा वाया गेला नाही, याचा मला कोण अभिमान! होस्टेलच्या खोलीत टेस्टही झाली. पंखा बंद ठेवून.

शिबिरात खिडकीतून वारा आला आणि साडीचं शीड झालं. एक मावशी आत असतानाच स्टँड आडवा! त्या पटकन पदर सावरून उठल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. रांगेतल्या आणखी चौघी त्यांच्या मागे गेल्या. पडदा नसता तर त्या आत आल्याच नसत्या. माझ्या पडद्यावर विश्वास ठेवला म्हणून त्या फसल्या.

चूक साधी होती. उंची ६ फूट आणि पाया जेमतेम दीड फूट. फर्स्ट इयरला मोमेंटची गणितं मी सोडवली होती, मार्कही मिळाले होते. पण मी पाइप वाचवला, माणूस नाही. त्याच संध्याकाळी नायगावहून दुसरा पाइप आणला, पाय दीड-दीड फुटांचे केले आणि त्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या.

हे काम किरकोळ वाटतं ना? जपानचे आर्किटेक्ट शिगेरू बान यांनी २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर निवारा केंद्रांत कागदी नळ्या आणि कापडाचे पडदे उभारून कुटुंबांना आडोसा दिला. २०१४ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं. २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांसाठीही त्यांचे तसेच पडदे उभे राहिले. छप्पर मिळालं तरी कपडे बदलायला, रडायला माणसाला आडोसा लागतोच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक शिबिराच्या सामानात असे दोन स्टँड असलेच पाहिजेत. आणि आपल्या प्रोजेक्टची व्हायवा फक्त लॅबमध्ये घेऊ नये. ज्याच्यासाठी वस्तू केली त्याच्या हातात ती द्यावी, मग मार्क द्यावेत.

माझी व्हायवा दुसऱ्या दिवशी झाली. त्याच मावशी परत आल्या, सोबत सुनेला घेऊन. म्हणाल्या, “थांब पोरी, आधी हलवून बघू दे.” दोन्ही हातांनी त्यांनी स्टँड गदागदा हलवला. मगच सुनेला आत पाठवलं.