लंडनचे घर वाचले, परळच्या चाळीचे काय?

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात बाबासाहेब 1921-22 साली राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर 2015 मध्ये विकत घेतले. तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजली. पुढे तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली. राहते घर कमी होते, लोकांची वर्दळ वाढते, अशी कारणे पुढे आली. अपील झाले, सुनावणी झाली आणि मार्च 2020 मध्ये परवानगी मिळाली. सरकारने तिथे वकील उभे केले, याचा आम्हाला आनंदच आहे.

आता दुसरे घर पाहा. परळची बीआयटी चाळ, दुसरा मजला, खोली क्रमांक 50 आणि 51. बाबासाहेब लंडनला अभ्यास करत होते तेव्हा रमाई या खोल्यांमध्ये संसार ओढत होत्या. 1896 च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारने 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्या ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेल्या चाळींपैकी ही एक. बाबासाहेबांचे कुटुंब इथे वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. 'मूकनायक' निघाला, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषद झाली, तेव्हा बाबासाहेबांचा पत्ता हाच होता. शाहू महाराज त्यांना भेटायला इथेच आले. 1926 मध्ये राजरत्न गेला तोही याच काळात.

स्मारकाच्या घोषणा आम्ही पुष्कळ ऐकल्या. पुढारी येतात, जिना चढतात, फोटो काढतात आणि जातात. (सहा डिसेंबर जवळ आला की जिना चढणे जरा सोपे होते, असा आमचा अनुभव आहे.) आमचा प्रश्न साधा आहे. स्मारक म्हणजे नेमके काय करणार? मूळ खोल्या, लांब गॅलरी, लाकडी कठडा, सामाईक नळ राखणार, की सगळे पाडून टॉवरच्या तळमजल्यावर एक हॉल आणि संगमरवरी पाटी देणार?

ही भीती उगाच नाही. पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दाम्पत्याने 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू केली. वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालली आणि तोवर वाडा ढासळत गेला. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये तो रातोरात पाडण्यात आला. तिथे राष्ट्रीय स्मारक होईल, ते व्हावेच. पण सावित्रीमाईंनी ज्या भिंतीआड शिकवले, ती भिंत आता कोणत्याही निविदेतून परत येणार नाही.

काही जण म्हणतील, चाळीतल्या लोकांनी गळक्या छताखाली राहायचे का? अजिबात नाही. आमच्याच लोकांना वारशाच्या नावाखाली कोंडून ठेवायला आम्ही सांगणार नाही. रहिवाशांना त्याच परिसरात, हक्काची, मोठी घरे आधी मिळाली पाहिजेत. पण त्यासाठी ऐतिहासिक इमारतही पडलीच पाहिजे, हे गणित बिल्डरचे आहे. एक इमारत राखून बाकीच्यांचा पुनर्विकास करता येतो. तसा आराखडा मागायचा की नाही, हे आपल्यावर आहे.

मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली 1995 पासून आहे. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घुमट, कमानी, हायकोर्ट, व्हीटी येते. कामगाराची खोली येत नाही. ज्या खोलीत देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार रात्र रात्र वाचत बसला, तिला सौंदर्याच्या कसोटीवर कोण तोलणार?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पुनर्विकासाचा कोणताही आराखडा मंजूर करण्याआधी मूळ इमारतीचे मोजमाप, छायाचित्रे आणि बांधकामाची तपासणी करून ती जाहीर करावी. जुन्या रहिवाशांच्या आठवणी आत्ताच नोंदवाव्यात, कारण ती माणसे आता थोडीच उरली आहेत. आणि स्मारकाच्या समितीत चाळीतल्या बायका असाव्यात. पाणी कधी येत होते, रमाईंबद्दल सासूने काय सांगितले होते, हे त्यांनाच ठाऊक आहे.

जय भीम.