दगडाचे नारळ आणि ऊर्जेची दक्षिणा

समुद्रपूर तालुक्यांतील गिरड येथें शेख फरीद बाबांची टेकडी आहे. तेथें हिंदु जातो, मुसलमानहि जातो. कोणी नवस फेडावयास जातो, तर कोणी नुसता वारा खावयास. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे, कोठें कोठें नारळाएवढे गोल दगड सांपडतात, आणि त्यांची गोष्ट आमच्या आज्या सांगत आल्या. दोन फिरते व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनीं फकिराची थट्टा केली, त्यासरशी सगळा माल दगड झाला. मग ते पायां पडले, तेव्हां फकिरानें झाडाच्या वाळल्या पानांचा त्यांस नवा माल करून दिला; आणि ते व्यापारी धंदा सोडून तेथेंच सेवेला राहिले.

भूशास्त्र जाणणारे सांगतात कीं, हे गोटे झिओलाइट जातीच्या खनिजाचे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारस पसरला. तो थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे कोंडले गेले, आणि त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेलीं खनिजें हळू हळू बसत गेलीं. वरचा खडक झिजला तेव्हां आंतले गोळे मोकळे झाले. ज्याला गोष्ट ऐकावयाची त्यानें ती ऐकावी, ज्याला दगड फोडून पाहावयाचा त्यानें तो फोडून पाहावा. ह्या गोष्टीपायीं कोणाचा बैल विकला गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. शिवाय गोष्टींतल्या त्या फकिरानें व्यापाऱ्यांपासून घेतलें कांहींच नाहीं. उलट गेलेला माल परत दिला.

आज जे गुरु गांवोगांव शिरत आहेत त्यांची रीत नेमकी उलटी आहे. ते खरा माल घेतात आणि वाळलीं पानें देतात.

आमच्या घरांतलीच गोष्ट सांगतों, म्हणजे परक्याचीं उणीं काढल्याचा दोष येणार नाहीं. आमचा एक पुतण्या आहे. वय तेवीस, शिक्षण बारावी, घरची पांच एकर कोरडवाहू. गेल्या हिवाळ्यांत त्याच्या मोबाइलवर एका मनःशक्तिवाल्या गुरूंचीं व्याख्यानें येऊं लागलीं. हे गुरु भगवीं वस्त्रें नेसत नाहींत, कोट घालतात. आणि हरीच्या नांवाऐवजीं ‘युनिव्हर्स’चें नांव घेतात. पहिलें शिबिर फुकट, नागपुरास हॉटेलांत, वर चहाबिस्किटें. दुसरें तीन दिवसांचें. फी अठरा हजार रुपये. तो पैसा कापसाचा होता आणि त्यांतून बहिणीच्या कॉलेजची फी भरावयाची होती. शिबिरांत त्यास शिकविलें कीं, पैसा विचारांकडे ओढला जातो. रोज पहाटे डोळे मिटून एक कोटीचा चेक डोळ्यांपुढें आणावा, आणि ‘निगेटिव्ह’ माणसांपासून दूर राहावें. चार महिने गेले. चेक आला नाहीं. फोन करून विचारलें तेव्हां उत्तर मिळालें कीं, तुमच्या घरांतच कोणीतरी आडवें येत आहे, शोधून काढा. त्यासाठीं पुढचें शिबिर आहे, पस्तीस हजारांचें.

पोरानें शोधलें. घरांत दुसरें होतें कोण? त्यानें आईशीं बोलणें टाकलें. आम्हीं जाऊन विचारलें तेव्हां म्हणाला, “काकाजी, माय सदा ‘पुरत नाही, पुरत नाही’ म्हणते. म्हणूनच पैसा अडते.” ती माउली चुलीपाशीं बसली होती. मान वर न करतां म्हणाली, “भाऊजी, पुरत नाही तर पुरते कसं म्हणू?”

अठरा हजार गेले ते एका हंगामांत नाहीं तरी दोन हंगामांत भरून निघतील. पण ज्या बाईनें निंदण करून हें पोर वाढविलें, तीच त्याच्या दारिद्र्याचें कारण आहे असें त्याच्या मनांत भरवून देणाऱ्या विद्येला काय म्हणावें?

वाचक हो, ही विद्या आमच्या जुन्या ओळखीची आहे. पूर्वीं भटजी सांगत असे कीं, तुझें दारिद्र्य हें पूर्वजन्मींच्या पापाचें फळ आहे. शांति कर, दक्षिणा दे. हा कोटवाला सांगतो कीं, तुझें दारिद्र्य हें तुझ्या आजच्या विचारांचें फळ आहे. शिबिर कर, फी भर. सुधारणा झाली ती एवढीच कीं मधला एक जन्म वांचला! कापूस विकतांना मारली जाणारी कट्टी, सावकाराचें व्याज, पेरणीनंतर दडी मारून बसलेला पाऊस, ह्यांकडे दोघांचेंहि बोट जात नाहीं. दोघांचेंहि बोट गरिबाच्याच छातीवर. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारला विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं खास मदत जाहीर करावी लागली, त्यांत आमचा वर्धा जिल्हा होता. कर्जानें खचलेल्या अशा मुलखांत येऊन ‘तुझ्याच मनांत खोट आहे’ असें पैसे घेऊन सांगणें हें जखमेवर मीठ चोळणें होय. आणि मीठ देखील विकत!

महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला तो ह्याचसाठीं कीं, निर्मिक आणि मनुष्य ह्यांच्यामध्यें दलाल नसावा. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत त्यांनीं शेतकरी जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नांवाखालीं कसा नागवला जातो, त्याचा हिशेबच मांडला. पण आपल्याच लोकांना दोन शब्द सुनवावेसे वाटतात. नवा दलाल कोणा एका जातीचा राहिलेला नाहीं. तो कुणब्याच्या घरांतून निघतो, तेल्यामाळ्याच्या घरांतून निघतो, आणि ‘आपल्या समाजाचा पोरगा पुढें आला’ म्हणून आपणच टाळ्या वाजवितों. भटजीपुढें उघडी ठेवलेली नजर आपल्या जातीच्या बुवापुढें कां मिटते?

शिकविणाऱ्यानें पैसे घेऊंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. टायपिंग शिकविणारा फी घेतो, वाहन चालविणें शिकविणाराहि घेतो. चारचौघांत बोलण्याची भीति घालविणारा, दारू सोडविणारा, जमाखर्च लिहावयास लावणारा माणूस मिळाला तर त्यास आम्ही हात जोडूं. फरक एवढाच कीं, टायपिंग आलें नाहीं तर तें कागदावर दिसतें, आणि मास्तरला खालीं पाहावें लागतें.

मृगाच्या आधीं घरचें सोयाबीन पेरावयाचें असेल तर आपण काय करतों? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळतों, सहासात दिवस तें ओलें ठेवतों, मग उलगडून कोंब मोजतों. सत्तर उगवले तर बियाणें पेरण्याजोगें. कमी उगवले तर एकरीं बियाणें वाढवावें किंवा दुसरें पाहावें. दाणा उगवला नाहीं म्हणून ‘शेतकऱ्याची श्रद्धा कमी पडली’ असें कोणी म्हणत नाहीं! बियाणें विकतचें असेल तर पावती, पिशवी, तिचें लेबल आणि मूठभर दाणे जपून ठेवतों. २०२० सालीं विदर्भ-मराठवाड्यांत सोयाबीन उगवलें नाहीं म्हणून ओरड झाली, तेव्हां पावती असलेल्याच्याच तक्रारीला वजन होतें.

मग गुरूच्या बाबतींत हें गोणपाट आपण कोठें विसरून येतों? गेल्या वर्षीं ज्यांनीं शिबिर केलें त्यांतले दहा जण गांठावे. गुरूनें स्टेजवर बोलाविलेले दहा नव्हेत. तें दुकानदारानें निवडून दाखविलेलें बियाणें. आपण आपल्या ओळखीनें निवडलेले दहा. त्यांचें कर्ज कमी झालें कां, घरांत भांडण वाढलें कीं कमी झालें, हें त्यांच्या बायकांना विचारावें. बायका खरें सांगतात. गुरूलाहि एक प्रश्न सरळ विचारावा: तुमचा उपाय चालला नाहीं, तर चूक कोणाची? ‘तुमच्या विश्वासाची’ असें उत्तर येईल तेथून उठावें. कारण मग हा धंदा असा झाला कीं, फायदा झाला तर गुरूचा आणि तोटा झाला तर आपला. असा करार आपण कापसाच्या व्यापाऱ्याशींहि करीत नाहीं. आणि जो डॉक्टरची गोळी बंद करावयास सांगेल, मग ती साखरेच्या रोगाची असो कीं रक्तदाबाची, त्याच्या दारांत दुसऱ्या मिनिटाला थांबूं नये.

हें सारें अडाण्यांनाच लागू आहे असें कोणा शिकलेल्यास वाटत असेल तर त्यानें अमेरिकेकडे पाहावें. मनांत आणलें कीं वस्तु मिळते, असें सांगणारा ‘द सिक्रेट’ नांवाचा चित्रपट व पुस्तक २००६ सालीं निघालें. त्या चित्रपटांतील एक गुरु जेम्स आर्थर रे. त्याच्या शिबिराला लोकांनीं माणशीं सुमारें दहा हजार डॉलर मोजले. ऑक्टोबर २००९ मध्यें ॲरिझोना प्रांतांत त्यानें लोकांस आधीं दीड दिवस अन्नपाण्यावांचून वाळवंटांत ठेवलें, आणि मग तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ केलेल्या बंद तंबूंत बसविलें. जीव घाबरा झाला तरी धीर धरा, असें तो सांगत राहिला. तीन माणसें मेलीं. २०११ सालीं न्यायालयानें हयगयीनें मृत्यु घडविल्याबद्दल त्यास दोन वर्षांची कैद दिली. मेलेलीं माणसें शिकलेलीं होतीं, खातीपितीं होतीं.

आपल्याकडे २०१३ च्या दुष्काळांत, मार्च महिन्यांत, आसारामबापूनें नागपुरास टँकरच्या पाण्यानें होळी खेळविली, आणि लोक भिजून धन्य झाले. त्याच बापूस २०१८ सालीं जोधपूरच्या न्यायालयानें अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. जास्त लिहीत नाहीं.

ह्याच वऱ्हाडांत अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं परिटाच्या घरीं डेबूजी जन्मला, त्याचे गाडगे महाराज झाले. त्यांनीं कोणास शिष्य केलें नाहीं. कोणी पायां पडूं लागला तर ते मागें सरत. गांवांत आले कीं आधीं खराटा घेऊन रस्ता झाडीत, मग रात्रीं कीर्तन. कर्ज काढून सण करूं नका, देवापुढें बकरें मारूं नका, पोरांना शाळेंत घाला, हेंच त्यांचें सांगणें. पंढरपूर, नाशिक येथें धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठीं घर केलें नाहीं. गाडगे महाराज जाऊन, म्हणजे १९५६ पासून, पुष्कळ वर्षें झालीं. तरी मोजावयाला तें गाडगें अजून आपल्यापाशीं आहे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनींहि १९५५ च्या ग्रामगीतेंत चमत्काराच्या वेडावर स्पष्ट लिहिलें आहे. मोझरी आपल्या वर्ध्यापासून लांब नाहीं.

आतां कायद्याचें. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराचा दावा करून लोकांस फसविणें, साप-विंचू चावलेल्यास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्र घालणें, असे गुन्हे त्यांत आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. भजन, कीर्तन, वारी ह्यांस त्या कायद्याचा अडथळा नाहीं. तसें कोणी सांगितल्यास तें खोटें. परंतु हा कायदा लिंबू-मिरची-अंगाऱ्यावाल्याला पकडतो, कोटवाला त्याच्या जाळ्यांतून बहुधा निसटतो, कारण तो देवाचें नांवच घेत नाहीं. त्याच्यासाठीं वाट आहे ती जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्याप्रमाणें पैसे घेऊन दिलेल्या सेवेंत फसवणूक झाली तर तेथें तक्रार करतां येते, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी पडत नाहीं. वकील लावलाच पाहिजे असेंहि नाहीं. मात्र पावती पाहिजे.

पुतण्याला आम्हीं पावती मागितली. त्यानें मोबाइल पुढें केला. व्हॉट्सअॅपवर एक ओळ होती: ‘ऊर्जा-दक्षिणा प्राप्त झाली, धन्यवाद’, आणि खालीं जोडलेल्या हातांचें चित्र. सुदैवानें पैसे बँकेंतून गेले होते, त्याची नोंद बँकेच्या पुस्तकांत आहे. ती नोंद, तो निरोप व पस्तीस हजारांची मागणी असलेला दुसरा निरोप, असे तीन कागद छापून घेतले आणि पोराच्याच सहीनें रजिस्टर पोस्टानें नोटीस धाडली. सही करतांना तो एकदां अडखळला. त्या रात्रीं तो आईच्या हातचें जेवला, असें तिनें दुसऱ्या दिवशीं फोनवर सांगितलें; बोलला मात्र नाहीं. नोटिशीचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. आल्यास ह्याच पानावर छापूं.