आरसा म्हणजे पेटी नव्हे

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. यंत्राने केलेले काम बिनचूक असते, असेही आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चालले होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्रंथालयात जे घडले, त्यानंतर माझे मत बदलले. ते येथे मांडते. त्यात माझी स्वतःची चूकही आली आहे. ती लपवीत नाही.

‘कमवा व शिका’ योजनेत मला ग्रंथालयात काम मिळाले. आपल्या महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक पानापानाने स्कॅन करायचे आणि संगणकात साठवायचे. संगणक जुना. तो बसला तर सगळेच जाईल, म्हणून दररोजच्या नव्या फाईल दूरच्या एका भाड्याच्या सर्व्हरवरही पाठवायच्या. पहिले दोन महिने हे मी हाताने केले. कधी वीज जाई, कधी शेवटची एस.टी. चुकेल म्हणून मी घाईने निघे. काही फाईल दोनदा गेल्या, काही गेल्याच नाहीत. शेवटी संगणक विभागातल्या एका दादाने ते काम यंत्रावर सोपवले. रोज संध्याकाळी सात वाजता, आम्ही निघून गेल्यावर, संगणक आपला आपण सर्व्हरशी जुळवून घेऊ लागला.

त्या प्रोग्रॅमचे नाव ‘आर-सिंक’. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी तो १९९६ साली ऑस्ट्रेलियात तयार केला. ठरल्या वेळी त्याला उठवायचे काम ‘क्रॉन’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो. आर-सिंकची युक्ती मला फार आवडली. समजा, एकच हिशेबाची वही दोन गावांत आहे आणि एका गावी तिच्यात काही बदल झाला. सगळी वही पुन्हा पाठवायची गरज काय? दुसऱ्या गावाने आपल्या प्रत्येक पानाची बेरीज कळवावी. ज्या पानाची बेरीज जुळत नाही, तेवढेच पान पाठवावे. आर-सिंक फाईलचे तुकडे पाडून असेच करतो. त्यामुळे मोठ्या फाईलमधला लहानसा बदलही थोडक्यात जातो. आमच्याकडचे इंटरनेट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

पण त्यात एक पर्याय असतो ‘डिलीट’चा. तो चालू ठेवला, की इकडे जे नाही ते तिकडूनही पुसले जाते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या राहतात. संगणकवाले याला ‘मिरर’ म्हणतात, म्हणजे आरसा. नाव खरे आहे. आरशासमोरून माणूस हलला की आरशातूनही जातो. आमच्याकडे तो पर्याय चालू होता आणि मला ते ठाऊक नव्हते. दादाने सांगितले नाही, मी विचारले नाही.

डिसेंबरात संगणकाची जागा भरली. नवे अंक ठेवायला जागा हवी, म्हणून मी आधीच्या अकरा अंकांच्या फाईल पुसून टाकल्या. सर्व्हरवर आहेतच की, हा भरवसा. संध्याकाळी सात वाजता यंत्राने आपले काम चोख केले. सकाळी सर्व्हरवरही ते अकरा अंक नव्हते.

नऊ अंक कपाटात होते. ते पुन्हा स्कॅन केले. उरलेले दोन एका निवृत्त सरांकडून आठ दिवसांसाठी आणले होते. सर आता मुलाकडे परगावी गेले आहेत आणि अंक कोणत्या खोक्यात बांधले गेले, ते त्यांना आठवत नाही. त्यांतल्या एका अंकात आमच्याच गावच्या एका मुलीची कविता होती. माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. आमच्या गावातून माझ्या कितीतरी आधी एक मुलगी येथे शिकून गेली, हे मला त्या पानावर प्रथम कळले. सावकाश वाचू, म्हणून मी पुढे गेले. तिचे नावसुद्धा टिपून ठेवले नाही. फाईल आहे, असे वाटले.

हे घरी सांगितले तेव्हा आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आमचे गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. २००५ च्या महापुरात घरातल्या कागदांचा लगदा झाला होता. सातबारा, रेशनकार्ड, आजोबांची खरेदीखते. नंतर हेलपाटे घालून आण्णांनी नकला मिळवल्या आणि एक जोड मामांकडे आजऱ्याला ठेवली. “नदी काय डोंगर चढत न्हाई,” एवढेच त्यांचे म्हणणे. दर भाऊबीजेला आई माहेरी जाते, तेव्हा वर्षभरातले नवे कागद नेते आणि जुने उलगडून बघते, वाळवी लागली नाही ना. तिथला जुना कागद कोणी काढून टाकीत नाही. २०१९ साली पुन्हा घरात पाणी शिरले, तेव्हा मामांकडचे कागद कोरडे होते. आण्णा चौथीपर्यंत शिकलेले. आमच्या सर्व्हरला जे जमले नाही, ते त्यांच्या पेटीला जमले होते.

ही खेड्यातल्या कॉलेजाचीच गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या नामांकित कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. राखीव प्रती आपोआप निघत असतील, असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात ते काम बिघडले होते आणि बिघाडाच्या सूचना कोणापर्यंत पोहोचतच नव्हत्या. सुमारे सहा तासांची नोंद कायमची गेली. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात राखीव प्रतींच्या व्यवस्थेतल्याच एका सदोष प्रोग्रॅमने सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली.

मग पुन्हा हातानेच करावे काय? मुळीच नाही. हाताने करताना मीही चुकतच होते. रोजचे कंटाळवाणे काम यंत्राकडेच असावे. माझे म्हणणे एवढेच, की नेण्याचे काम यंत्राला द्यावे, पुसण्याचा हुकूम देऊ नये. पुसायचेच असेल तर आर-सिंकमध्ये ‘ड्राय-रन’ आहे. काय काय जाणार याची यादी तो आधी दाखवतो. ती माणसाने वाचावी. जुन्या प्रती तारीखवार वेगळ्या ठेवाव्यात. आणि ठेवलेली प्रत अधूनमधून उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे नुसता समज.

आता आमच्याकडे ‘डिलीट’ बंद आहे. दर शनिवारी मी सर्व्हरवरून एक अंक उतरवून घेते आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळते. आता वाचतेही.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरी, आत्या-मावशीच्या कपाटात, या महाविद्यालयाचे १९८० च्या आसपासचे अंक असतील, तर ते चार दिवसांसाठी ग्रंथालयात आणून द्यावेत. मला त्या मुलीचे नाव हवे आहे. हा शोध कोणत्याही यंत्राला संध्याकाळी सात वाजता लावून देता येत नाही.