विश्लेषण : हृदय दुबळे झालेल्या प्रत्येकाला ‘आयसीडी’ हवा का?

‘हृदयाचे पंपिंग ३० टक्केच आहे, शॉक देणारे यंत्र बसवावे लागेल,’ असे डॉक्टरांनी सांगितले, की मावळातल्या साध्या घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. यंत्र बसवले नाही तर माणूस जाईल का? आणि जमीन गहाण टाकून बसवले, तर तो नक्की वाचेल का? दोन्हींचे उत्तर सरसकट ‘हो’ असे नाही. आयसीडी हे जीव वाचवणारे यंत्र आहे, पण ते सर्वांचा जीव वाचवत नाही. कोणाला त्याचा उपयोग होतो आणि कोणाला होत नाही, हे ठरवण्याची रीत गेल्या दोन दशकांतील चाचण्यांतून तयार झाली आहे. ती रुग्णाच्या घरच्यांनाही माहीत असायला हवी.

आयसीडी नेमके काय करते?

हृदय दुबळे झालेला रुग्ण दोन वाटांनी दगावतो. पहिल्या वाटेत पंप हळूहळू थकतो, पायांवर सूज येते, दम लागतो, वारंवार दाखल व्हावे लागते. दुसऱ्या वाटेत खालच्या कप्प्यांत विजेचा गोंधळ माजतो, ठोके मिनिटाला दोनशेवर जातात किंवा हृदय नुसते थरथरते आणि माणूस काही मिनिटांत जातो. आयसीडी फक्त ही दुसरी वाट अडवते. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत बसवलेली ही छोटी डबी तारेवाटे प्रत्येक ठोका पाहत असते. घातक लय दिसली, की आधी वेगवान स्पंदने देऊन ती मोडून पाहते आणि जमले नाही तर शॉक देते. पंपाची ताकद ती वाढवत नाही, दम कमी करत नाही. ‘यंत्र बसवले तरी चालताना धाप लागतेच’ ही तक्रार म्हणूनच गैरसमजातून येते.

माणसाच्या शरीरात पहिले आयसीडी ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवले गेले. डॉ. मिशेल मिरोव्स्की यांचे वरिष्ठ सहकारी अशाच घातक लयीने गेले होते. त्या धक्क्यातून त्यांनी ही कल्पना अनेक वर्षे लावून धरली होती.

पुरावा काय सांगतो?

ज्यांचे हृदय एकदा बंद पडून पुन्हा सुरू झाले, किंवा ज्यांना घातक लयीमुळे शुद्ध हरपली, त्यांच्याबाबत फारसा वाद नाही. त्यामागे तात्पुरते, दुरुस्त होणारे कारण नसेल, तर आयसीडी गोळ्यांपेक्षा सरस ठरते, हे १९९७ च्या ‘एव्हिड’ चाचणीने दाखवले.

खरा प्रश्न आहे तो अजून काहीच न घडलेल्या रुग्णांचा. २००२ मधील ‘मॅडिट-२’ चाचणीत आधी हार्ट अटॅक आलेले आणि इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ, ३० टक्के किंवा त्याहून कमी असलेले १,२३२ रुग्ण होते. सरासरी २० महिन्यांत नेहमीच्या उपचारांवर १९.८ टक्के, तर आयसीडी बसवलेल्यांपैकी १४.२ टक्के दगावले. २००५ च्या ‘स्कॉड-हेफ्ट’ चाचणीत ३५ टक्क्यांपर्यंत ईएफ असलेले २,५२१ रुग्ण होते. तिथे पाच वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण ७.२ टक्के बिंदूंनी घटले. साध्या हिशेबात, सुमारे १४ जणांना यंत्र बसवले, तेव्हा पाच वर्षांत एक जास्तीचा जीव वाचला. उरलेल्या १३ जणांपैकी काही यंत्राशिवायही जगले असते, काही यंत्र असूनही गेले. फायदा खरा आहे, पण तो कोणाच्या वाट्याला येईल हे आधी दिसत नाही. म्हणून निवड महत्त्वाची.

मग पात्र कोण?

जगभरातील मार्गदर्शक तत्त्वांचा गाभा सारखाच आहे. ईएफ ३५ टक्के किंवा कमी. दम लागण्याची तक्रार मधल्या दर्जाची. किमान तीन महिने योग्य औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही ईएफ वर न आलेला. आणि एक वर्षाहून अधिक काळ बऱ्या अवस्थेत जगण्याची अपेक्षा.

‘मधल्या दर्जाची तक्रार’ मावळच्या भाषेत सांगायची तर अशी. एकवीरेच्या पायऱ्या चढताना किंवा भातलावणी करताना धाप लागते, घरात मात्र त्रास नाही, हा दुसरा दर्जा. घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत जातानाही थांबावे लागते, हा तिसरा. बसल्या जागी दम लागतो, हा चौथा. औषधांनीही न हटणाऱ्या चौथ्या दर्जात, प्रत्यारोपणासारखा पुढचा मार्ग नसेल, तर आयसीडीचा उपयोग होत नाही, कारण तिथे मृत्यू बहुधा पंप थकल्याने येतो.

आजाराचे कारणही पाहावे लागते. धमन्यांतील अडथळ्यामुळे हृदय दुबळे झाले असेल, तर पुरावा भक्कम आहे. इतर कारणांनी दुबळ्या झालेल्या हृदयांवर डेन्मार्कमध्ये ‘डॅनिश’ ही १,११६ रुग्णांची चाचणी झाली. २०१६ मधील तिच्या निष्कर्षांनुसार आयसीडीमुळे अचानक मृत्यू ८.२ वरून ४.३ टक्क्यांवर आले, पण एकूण मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. तुलनेने तरुण रुग्णांना मात्र फायदा दिसला. म्हणून युरोपीय तत्त्वांमध्ये या गटासाठी शिफारस थोडी सौम्य आहे. अशा वेळी एमआरआयमध्ये दिसणारे व्रण, घराण्यातील अचानक मृत्यू आणि जनुकीय आजार यांना वजन द्यावे लागते.

ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक आणि रुंद ठोके दिसत असतील, तर दोन्ही बाजू एकत्र चालवणारे सीआरटी यंत्र हवे का, हेही त्याच वेळी ठरवायचे असते. ते पंपाला मदत करते, साधे आयसीडी करत नाही.

घाई कुठे नडते?

हार्ट अटॅकनंतर लगेच केलेल्या इकोवर निर्णय घेणे ही यातली मोठी चूक. अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांत आयसीडी बसवून पाहणाऱ्या २००४ च्या ‘डिनामिट’ चाचणीत लयीमुळे होणारे मृत्यू घटले, पण इतर कारणांनी होणारे वाढले. एकूण फायदा शून्य. २००९ च्या ‘आयरिस’ चाचणीनेही तेच सांगितले. म्हणून अटॅकनंतर किमान ४० दिवस आणि बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर साधारण तीन महिने थांबून इको पुन्हा करायचा असतो.

या काळात औषधे खरे काम करतात. बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, असे हे चार खांब. त्यांच्या जोरावर अनेकांचा ईएफ ३५ टक्क्यांच्या वर जातो आणि यंत्राचा प्रश्नच उरत नाही. वर सांगितलेल्या जुन्या चाचण्यांच्या वेळी यातील काही औषधे नव्हतीच. आजच्या औषधोपचारांत अटॅकनंतरच्या रुग्णांना नेहमीसारखे आयसीडी लागतेच का, हे तपासणारी ‘प्रोफिड’ ही मोठी चाचणी युरोपात म्हणूनच हाती घेण्यात आली. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपल्यावर भारतात तिच्या अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या. चार खांब आता पूर्वीइतके महाग नाहीत.

मावळात अडचण कुठे येते?

राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत देशातील ५३ रुग्णालयांतील १० हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास, पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा बरेच कमी. म्हणजे आयसीडीचा फायदा होऊ शकेल असे कमावते लोक आपल्याकडे जास्त. पण त्याच नोंदणीत पंप दुबळा असलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच शिफारस केलेली औषधे मिळत होती. पाया निम्माच आणि त्यावर लाखांचे यंत्र, असा हा उलटा हिशेब आहे.

आयसीडी बसवण्याची सोय पिंपरी-चिंचवड आणि पुण्यातील मोठ्या हृदयरोग केंद्रांत आहे. तेवढ्यासाठी एकदा जाता येते. अवघड असते ते तीन महिन्यांचे मधले काम. आंदर मावळ किंवा पवन मावळातल्या रुग्णाने दर दोन-तीन आठवड्यांनी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून मात्रा वाढवून घ्यायची, तर पावसाळ्यात लावणीचा दिवस मोडून शहर गाठावे लागते. मात्रा मग पहिल्या चिठ्ठीवरच अडकते आणि दुसरा इको राहून जातो.

यावर ‘गाव लांब आहे, म्हणून यंत्रच बसवा’ हा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. हृदय बंद पडल्यावर शॉक मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते आणि घाटमाथ्यावरच्या वाडीत १०८ ची रुग्णवाहिका त्या वेळात पोहोचणे कठीण. पण अंतरामुळे अपात्र रुग्ण पात्र होत नाही. पात्र रुग्णाने मात्र अंतरामुळे टाळाटाळ करू नये, इतकाच त्याचा अर्थ.

बसवल्यावर काय बदलते?

बॅटरी साधारण सात ते दहा वर्षे टिकते, नंतर डबी बदलावी लागते. संसर्ग, तार सरकणे हे धोके आहेत. चुकीचे शॉकही बसतात. ‘मॅडिट-२’मध्ये आयसीडी असलेल्या ११.५ टक्के रुग्णांना ते बसले होते. मोबाइल डबीपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवावा, विरुद्ध कानाला लावावा. तळेगाव-चाकणच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्याने कामाचे स्वरूप आधीच डॉक्टरांना सांगावे. घाटात ट्रक किंवा प्रवासी गाडी चालवणाऱ्याच्या पोटावर तर थेट परिणाम होतो, कारण आयसीडी असताना जड आणि व्यावसायिक वाहन चालवू नये असाच वैद्यकीय सल्ला असतो. ही चर्चा शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवी. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात शॉक बंद करून ठेवता येतो, हेही घरच्यांना आधीच सांगितले पाहिजे.

पुढे काय व्हायला हवे?

स्टेंटच्या किमतींवर सरकारने २०१७ मध्ये कमाल मर्यादा आणली. आयसीडीबाबतही तसा विचार व्हायला हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किती मदत मिळू शकते, हे आरोग्यमित्राकडून पैशांची जुळवाजुळव करण्याआधीच जाणून घ्यावे. पण त्याहून मोठा आणि स्वस्त उपाय तालुक्यातच आहे. तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, कान्हे येथे शासकीय रुग्णालय आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी राखून औषधांची मात्रा वाढवणे, रक्ततपासणी आणि ठरल्या तारखेला दुसरा इको एवढे झाले, तरी निम्मा प्रश्न सुटेल. रुग्णाच्या हातात एक कार्ड असावे : पहिला ईएफ, चार औषधांच्या मात्रा, दुसऱ्या इकोची तारीख.

तोवर घरच्यांनी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. चारही औषधे पुरेशा मात्रेत तीन महिने झाली का? त्यानंतरचा ईएफ किती? दुबळेपणाचे कारण कोणते? आणि या वयात, या इतर आजारांसह, यंत्राने नेमके किती आयुष्य वाढेल? या उत्तरांनंतर घेतलेला ‘हो’ किंवा ‘नाही’, दोन्ही योग्य असू शकतात. न विचारता घाईने बसवलेले यंत्र किंवा खर्चाच्या भीतीने न बसवलेले यंत्र, या दोन्हींची किंमत मात्र घरालाच मोजावी लागते.