विणणारे हात आणि समीक्षेतली 'वीण'

मराठी समीक्षेला 'वीण' हा शब्द फार प्रिय आहे. कथानकाची वीण घट्ट असते, कादंबरीची सैल असते, कवितेत अनेक धागे असतात, निवेदनाला पदर असतात, भाषेला पोत असतो आणि काही जमले नाही तर सारे उसवते. संस्कृताकडे वळले तरी सुटका नाही. 'सूत्र' म्हणजे दोरा. 'ग्रंथ' हा शब्द गाठणे, गुंफणे या अर्थाच्या धातूतून आलेला. ज्याच्या बळावर नावाआधी 'डॉक्टर' लागते तो 'प्रबंध'सुद्धा बांधण्याचाच प्रकार. इंग्रजीतला 'टेक्स्ट'देखील लॅटिनमधील विणण्याच्या क्रियापदातून निघाला. मात्र हे सारे शब्द ज्या मराठी विभागात रोज उच्चारले जातात, तिथे एखाद्या प्राध्यापिकेने रिकाम्या तासाला पिशवीतून लोकर आणि सुया काढल्या की भुवया उंचावतात. 'मॅडम, घरची कामे इथे कशाला?' हा प्रश्न हसत हसत विचारला जातो आणि कधीकधी वरिष्ठांच्या तोंडी सूचनेच्या रूपानेही येतो.

आमचे म्हणणे असे, की ही कुचेष्टा शिस्तीच्या प्रेमातून येत नाही. हाताचे काम डोक्याच्या कामाहून हलके, आणि त्यातही बाईच्या हाताचे काम सर्वांत हलके, ही जुनी उतरंड तिच्या मुळाशी आहे. साहित्य शिकवणाऱ्यांनी तरी ती आपल्या अंगणात जोपासू नये. हे लिहिणाऱ्या आमच्यापैकी काहीजणी विणतात, काहींना सुई नीट धरताही येत नाही; म्हणून हे केवळ छंदाचे वकीलपत्र समजू नये.

प्रथम शिस्तीचा मुद्दा. वर्गात किंवा परीक्षेच्या पर्यवेक्षणात कोणी विणावे, असे आम्ही म्हणत नाही. तसे कोणी करतही नाही. प्रश्न दोन तासिकांमधल्या वेळेचा आहे. त्या वेळात शब्दकोडी सुटतात, शेअरचे भाव पाहिले जातात, निवडणुकांचे निकाल आधीच लावले जातात, मोबाइलवर अंगठे फिरतात. यातले काहीही 'घरचे काम' ठरत नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून, नॅकच्या फायलींत कागद लावून, हजेरीचे गोषवारे देऊन झाल्यावर उरलेली वीस मिनिटे एखादीने बाळाच्या टोपड्यासाठी खर्च केली, की तेवढी मात्र डोळ्यांत खुपतात.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षिकांच्या बाबतीत तर हा आक्षेप निर्लज्जपणाचा होतो. त्यांना घेतलेल्या तासिकेचेच पैसे मिळतात. सकाळी साडेआठला एक आणि दुपारी साडेअकराला दुसरी तासिका असेल, तर मधल्या दोन तासांचे मोल संस्था शून्य धरते. ज्या वेळेची किंमत आपण मोजत नाही, त्या वेळेत समोरच्या व्यक्तीने हात कुठे ठेवावेत हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पूर्णवेळ प्राध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीने आठवड्याला किमान 40 तासांचा कार्यभार सांगितला. त्यात प्रत्यक्ष अध्यापनाबरोबर बाकीची कामेही धरली होती. तासिकावाल्या शिक्षिकेच्या वाट्याला त्यातली बरीचशी कामे येतात, त्यांचा मोबदला येत नाही. तिच्या सुयांची चौकशी करणाऱ्यांनी आधी त्या हिशेबाची चौकशी करावी.

दुसरा आक्षेप असा, की या कामात बुद्धी कुठे आहे? या प्रश्नाला आम्ही छंदःशास्त्रातूनच उत्तर देतो. विणकामाचे मुळाक्षर दोनच टाक्यांचे: सुलट आणि उलट. वृत्ताचे मुळाक्षरही दोनच मात्राभेदांचे: लघू आणि गुरू. समर्थांचे मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत, त्याच्या चरणात चार य गण, म्हणजे बारा अक्षरे. प्रत्येक गणात एक लघू आणि दोन गुरू. लघूच्या जागी उलट आणि गुरूच्या जागी सुलट टाका घाला. 'एक उलट, दोन सुलट' असे चार वेळा केले, की बारा टाक्यांत एक चरण सुईवर उभा राहतो. परतीच्या ओळीत तीच पट्टी मागून दिसते, म्हणून तिथे 'दोन उलट, एक सुलट' विणावे लागते. समोरून सुलट दिसणारा टाका मागून उलट असतो, हे विणणारीला पहिल्याच दिवशी कळते. संहिता दोन्ही बाजूंनी वाचावी हे विद्यार्थ्यांना पटवायला आम्हांला तीन वर्षे लागतात. दहाव्या ओळीत गळलेला टाका चाळिसाव्या ओळीत ध्यानात आला, तर तेवढ्या एका टाक्याच्या रेषेत खाली उतरून, क्रोशाच्या सुईने त्याला एकेक पायरी वर आणावे लागते. आठवीत व्याकरण सुटलेला विद्यार्थी बी.ए.च्या वर्गात समोर बसतो तेव्हा शिक्षकाला याहून वेगळे काय करायचे असते?

तिसरी गोष्ट आमच्या अभ्यासक्रमाची. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार ही नावे आम्ही व्यवसायांसकट शिकवतो. जनाबाईचे दळण-कांडण आम्ही भक्तीच्या व्याख्यानात आणतो. जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. बाईचे हात गुंतलेले असताना तिची वाणी मोकळी होते, याचा याहून मोठा पुरावा कोणत्या भाषेपाशी असेल? त्या ओव्यांवर चर्चासत्रे घ्यायची, शोधनिबंध छापायचे आणि शेजारच्या खुर्चीवरच्या हातांना मात्र हसायचे, याला काय म्हणावे? जाते संग्रहालयात गेले की ते संस्कृती होते. सुई अजून चालू आहे, एवढाच तिचा गुन्हा दिसतो.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो आमच्याच मैत्रिणींकडून येतो. विणकाम-भरतकाम हे मुलींना घरात गुंतवून ठेवण्याचे साधन होते; शाळेत मुलींच्या वाट्याला शिवण आले आणि कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात 'विणकाम येते का' हा प्रश्नही आला. हे खरेच आहे. परंतु त्यातला जाच सक्तीचा होता. स्वतः कमावणारी बाई स्वतःच्या वेळात स्वतःच्या मनाने विणते, तेव्हा तिला 'ते ठेवा' म्हणणे ही तिच्या हातांना दिलेली आणखी एक आज्ञाच ठरते. पुरुष सहकाऱ्यांनीही सुया हाती घ्याव्यात. लोकर कोणाचे लिंग विचारत नाही.

'लुधियानाचा स्वेटर स्वस्त मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला?' असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवतो, की हाच प्रश्न त्यांनी कवींनाही विचारून पाहावा.

शेवटी एक इशारा. 1937च्या वर्धा परिषदेत गांधीजींच्या प्रेरणेने हस्तव्यवसायाभोवती शिक्षण उभे करण्याचा विचार पुढे आला. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ आहे. त्यात त्यांनी सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी जाऊन शिकावे अशी कल्पना आहे. म्हणजे कागदावर हाताला मान आहेच. तेव्हा उद्या कोणी उत्साही मंडळी विणकामालाही श्रेयांक देतील, छायाचित्रांसह अहवाल मागतील आणि फाइल करतील. आम्हांला तेही नको. 2010च्या नियमावलीने शिक्षकाच्या कामाला गुणांक लावल्यावर चर्चासत्रांचे आणि शोधनिबंधांचे काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या थोड्या गोष्टी अजून मोजमापाबाहेर आहेत, त्या तशाच राहू द्याव्यात.

आमची मागणी लहान आहे. स्टाफरूममध्ये पुस्तक उघडणाऱ्याला जसे कोणी काही विचारत नाही, तसे सुया काढणारीलाही विचारू नये. ज्यांना एवढेही जड वाटते, त्यांनी आपल्या पुढच्या परीक्षणात 'घट्ट वीण' हा शब्द वापरू नये. तो त्यांच्या मालकीचा नाही.