तसलमातीत पडलेला खर्च

काही वर्षांपूर्वी, संपादकपदाची जबाबदारी अंगावर येण्याच्या बऱ्याच आधी, एका नागरी सहकारी बँकेच्या तालुक्याच्या गावातील शाखेत जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. त्या बँकेची व्याजआकारणीची प्रणाली लिहिणाऱ्या चमूत तो तेव्हा होता, आणि भेटीचे निमित्त प्रिंटरच्या एका क्षुल्लक तक्रारीचे होते. तक्रार निवारली, चहा आला, आणि तेवढ्यात निवृत्तीला आलेल्या एका अधिकारीबाईंनी टेबलाच्या खालच्या खणातून लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही काढून पुढे ठेवली. मुदतीपूर्वी मोडलेल्या आवर्ती ठेवींवर आमची प्रणाली एका महिन्याचे व्याज जास्त धरीत असे. ही गोष्ट बाईंच्या ध्यानात अकरा महिन्यांपूर्वीच आली होती, आणि तेव्हापासून अशा प्रत्येक ठेवीचे व्याज त्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा काढीत, फरक वहीत टिपीत व दुरुस्तीची नोंद स्वतःच्या सहीने टाकीत. “कळवलं नाहीत का?” असे विचारता त्या म्हणाल्या, “दोनदा कळवलं की. पुढच्या रिलीजमध्ये घेतो म्हणाले तुमचे साहेब. तोवर लोक काय ठेवी मोडायचे थांबतात?” परत आल्यावर दोषांची यादी उघडून पाहिली. दोष तेथे होता. तीव्रता ‘किरकोळ’, आणि पुढे शेरा: ‘पर्यायी मार्ग उपलब्ध’. तो पर्यायी मार्ग म्हणजे या बाई होत्या, आणि त्यांची वरचेवर चुकणारी सहाची एसटी होती.

जमाखर्चाच्या जुन्या पद्धतीत, जी रक्कम हातून गेली आहे परंतु जिचे अंतिम खाते अद्याप ठरलेले नाही, ती तसलमातीत टाकून ठेवण्याची वहिवाट आहे, आणि वर्षअखेरीस तसलमात फुगलेली दिसली, की हिशेबतपासनीस पहिले बोट तिच्यावर ठेवतो. आपल्या व्यवसायात टेस्टिंगच्या खर्चाला एस्टिमेटमध्ये स्वतंत्र ओळ असते, तीत माणसे आणि दिवस मोजलेले असतात, आणि म्हणूनच ताण आला की कात्री प्रथम त्या ओळीवर चालते. उलटपक्षी, निसटलेल्या दोषाचा खर्च सपोर्टच्या रात्रपाळीत, विक्री विभागाने गुपचूप मान्य केलेल्या सवलतीत, नव्या कामातून उचललेल्या दोन प्रोग्रामरांच्या आठवड्यात आणि त्या लाल वहीत असा विखुरलेला असतो, की त्याची बेरीज करण्याचा अधिकार कोणत्याच एका खुर्चीकडे नसतो. ही तसलमात तपासायला कोणी येत नाही.

हे विवेचन नवे नाही. जोसेफ जुरान यांचा गुणवत्ता-नियंत्रणावरील ग्रंथ १९५१ सालचा. आर्मंड फायगेनबॉम यांनी १९५६ साली दोष टाळण्याचा, तपासणीचा आणि दोषामुळे होणाऱ्या हानीचा असे खर्चाचे तीन भाग पाडून दाखविले. आणि गुणवत्ता फुकटच पडते, हा फिलिप क्रॉस्बी यांच्या १९७९ च्या पुस्तकाच्या शीर्षकातील दावा तर व्यवस्थापकांच्या तोंडी कधीच रुळला. कारखान्यापुरता तो बव्हंशी खरा असेल, कारण तेथे मोडीत निघालेला माल मालकाच्याच आवारात पडून राहतो व त्याच्या डोळ्यांस खुपतो. सॉफ्टवेअरची मोड मात्र बहुधा दुसऱ्याच्या आवारात पडते. अमेरिकेतील ‘निस्ट’ या संस्थेसाठी २००२ साली झालेल्या पाहणीत सदोष सॉफ्टवेअरपायी त्या देशाचे होणारे वार्षिक नुकसान ५९.५ अब्ज डॉलर धरले होते, आणि त्याहून बोलकी गोष्ट ही, की त्यातील निम्म्याहून अधिक भार वापरणाऱ्यांवर पडत असल्याचा निष्कर्ष होता. अशा अंदाजांवर आमचा फारसा भरवसा नाही. परंतु भार कोणाच्या शिरावर जातो याविषयीचा निर्णय त्या वहीशी तंतोतंत जुळतो.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून उडालेल्या पहिल्या एरियन-५ अग्निबाणाची कथा आपल्या विद्यार्थ्यांना चौसष्ट बिटांची संख्या सोळा बिटांत कोंबल्याची कथा म्हणून शिकविली जाते. तशी ती आहेच. परंतु झाक-लुई लिऑन्स यांच्या चौकशी मंडळाचा अहवाल व्यवस्थापकाच्या नजरेने वाचला, तर तो एक हिशेबी दस्तऐवज आहे. दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियन-४ वरून जसेच्या तसे उचललेले होते. त्यात आपल्या मापाबाहेर जाऊ शकतील अशा सात राशी आढळल्या होत्या. पैकी चारांस संरक्षण दिले गेले आणि तीन उघड्या राहिल्या, कारण संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवावयाचा होता आणि त्या तिघी मर्यादा ओलांडणार नाहीत अशी समजूत होती. एरियन-४ च्या मार्गावर ती समजूत खरीही होती. परंतु नव्या बाणाचा आडवा वेग पुष्कळच अधिक असणार होता, आणि त्याच्या मार्गाची माहिती या यंत्रणेच्या आवश्यकतापत्रात अंतर्भूत करू नये असे सर्व पक्षांनी मिळून ठरविले होते. बरे, ज्या गणिताने घात केला, त्याची उड्डाणानंतर या बाणास गरजच नव्हती. जुन्या बाणाच्या सोयीसाठी ठेवलेले ते काम आकाशात काही सेकंद विनाकारण चालू राहिले होते. सुमारे ३७ व्या सेकंदास राखीव यंत्रणा बंद पडली आणि तिच्यामागोमाग, त्याच कारणाने, मुख्य यंत्रणाही. दोन्हींत सॉफ्टवेअर एकच होते, आणि बाण नष्ट झाला.

आमच्या मते या अहवालातील सर्वांत मोलाचा भाग बिटांचा नव्हे, चाचणीचा आहे. प्रत्यक्ष यंत्रणा, निदान तिचा बहुतेक भाग, जोडून संपूर्ण उड्डाणाची जमिनीवर तालीम करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. परंतु यंत्रणा सुटी तपासून पूर्वीच पात्र ठरली आहे, या आधारावर तिच्या जागी तिची नक्कल करणारे सॉफ्टवेअर बसवून चाचण्या उरकल्या गेल्या. अपघातानंतर हीच तालीम खऱ्या मार्गाची माहिती देऊन केली, तेव्हा बिघाड जमिनीवर बिनचूक उमटला. म्हणजे तो खर्च अखेर झालाच, फक्त चुकीच्या तारखेस. आणि बाणात असलेल्या ‘क्लस्टर’ मालिकेच्या चारही उपग्रहांवर ज्या शास्त्रज्ञांच्या संशोधनाची भिस्त होती, त्यांच्या वाट्यास, नवे चार उपग्रह २००० साली रशियन सोयूझ बाणांवरून जाईपर्यंत, चार वर्षांची प्रतीक्षा आली. ती चार वर्षे चाचणीच्या कोणत्या अंदाजपत्रकात धरावयाची?

येथे आपल्याच मंडळींना थोडा दोष देणे भाग आहे. वरिष्ठांपुढे टेस्टिंगचे समर्थन करताना, ग्राहकाकडे पोहोचलेला दोष आवश्यकतांच्या टप्प्यावर सापडलेल्या दोषापेक्षा शंभरपट महाग पडतो, हे वाक्य मंत्रासारखे म्हणण्याची आपणांस सवय जडली आहे. बॅरी बोम यांनी १९८१ च्या ग्रंथात हा चढ मांडला तो मोठ्या प्रकल्पांच्या संदर्भात. लहान व फारशा जोखमीच्या नसलेल्या प्रणालींत हे प्रमाण पाचास एक इतपतच असते, असे त्यांनीच व्हिक्टर बसिली यांच्या समवेत २००१ साली स्पष्ट केले. आजच्या वेब-प्रणालीत दुपारी आढळलेला दोष संध्याकाळी प्रॉडक्शनवर दुरुस्त होतो, आणि हे पाहिलेल्या वरिष्ठास शंभराचा आकडा सांगणारा मॅनेजर अतिशयोक्ती करतो आहे असे वाटले, तर चूक वरिष्ठाची नाही. दुसऱ्याच्या काळातील आणि दुसऱ्याच्या प्रकल्पांतील आकडा उसना आणण्यापेक्षा आपल्या घरचा, मग तो अवघा तिप्पट का असेना, दाखविता आला पाहिजे.

तो दाखविता येत नाही याचे एक कारण करारांत आहे. तासांवर बिल होणाऱ्या कामात दुरुस्तीचे तासही बिलात जातात, त्यामुळे पुरवठादाराच्या खतावणीत दोष हा जमेच्या बाजूस बसतो, हे उघडपणे कोणी म्हणत नाही इतकेच. ठरावीक रकमेच्या कामात चित्र उलटे असते, परंतु तेथेही वॉरंटीचा काळ संपला की तोच दोष ‘चेंज रिक्वेस्ट’ या नावाने पुन्हा जन्म घेतो. शिवाय डेव्हलपमेंट तीन आठवडे लांबले आणि रिलीजची तारीख हलली नाही, की मधले आठवडे टेस्टिंगच्या पदरातून जातात. या वाचकवर्गात ज्याने हे भोगले नाही, असा मनुष्य विरळा.

यावर आमची सूचना अगदी कारकुनी स्वरूपाची आहे. टाइमशीटमध्ये ‘दोषनिवारण’ म्हणून एकच सदर न ठेवता, दोष कोठे सापडला यानुसार त्याची तीन सदरे करावीत: आपल्या टेबलावर, टेस्टिंगमध्ये, ग्राहकाकडे. सपोर्टच्या मंडळींनाही तीच सदरे भरावयास लावावीत, आणि तासांची बेरीज महिन्याच्या शेवटी एकाच कागदावर आणावी. प्रारंभी आकडे खोटे भरले जातील, कारण तिसऱ्या सदरात तास दाखविणे म्हणजे स्वतःविरुद्ध जबानी देणे अशी भीती वाटते. म्हणून पहिले सहा महिने हा कागद कोणाच्या वार्षिक मूल्यमापनाशी जोडला जाणार नाही, अशी हमी लेखी द्यावी लागेल. ‘पर्यायी मार्ग उपलब्ध’ असा शेरा जेथे मारला जाईल, तेथे तो मार्ग कोण चालणार आणि रोज किती मिनिटे चालणार, हेही त्याच ओळीत लिहावे.

पुढील अंकांत असे महिन्याचे कागद छापण्याचा मानस आहे. वाचकांनी ते धाडावेत. कंपनीचे व ग्राहकाचे नाव गाळावे, रुपयांचे आकडे नसले तरी चालतील, मनुष्यतास मात्र असावेत.